अडते कुठे, ते आधी पाहावे

ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने प्रोसेसर चालवणे, एखाद्या टप्प्यावर अडले की बहुतेकांचा हात मदरबोर्डच्या बायोसमधील व्होल्टेजच्या आकड्याकडे जातो, आणि कर्जतसारख्या अवर्षणप्रवण, उन्हाळ्यात पारा चाळिशीपार नेणाऱ्या तालुक्यात नेमकी हीच सवय महागात पडते. प्रोसेसरचा विजेचा खप वेगाच्या सरळ प्रमाणात, परंतु व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ४.७ गिगाहर्ट्झला १.२० व्होल्टवर भागणारा प्रोसेसर ५ गिगाहर्ट्झसाठी १.३५ व्होल्ट मागू लागला, तर वेग जेमतेम सहा टक्क्यांनी आणि उष्णता सुमारे पस्तीस टक्क्यांनी वाढते. जो कूलर प्रोसेसरला भोवतालच्या हवेपेक्षा ५५ अंश वर रोखून धरतो, तो २५ अंशांच्या खोलीत ८० अंशांवर निभावून नेतो. दुपारी चाळिशी गाठणाऱ्या पत्र्याच्या गाळ्यात मात्र तोच आकडा ९५ होतो, आणि इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांना स्वतःहून वेग उतरवतात. डिसेंबरात पक्की केलेली जुळवणी मे महिन्यात टिकत नसेल, तर त्यात प्रोसेसरचा दोष शोधणे व्यर्थ आहे.

म्हणून आधी पाहायचे ते अडण्याचे कारण. इंटेलची एक्स्ट्रीम ट्युनिंग युटिलिटी ही प्रणाली वेग उष्णतेमुळे उतरला, वीजमर्यादेमुळे की विद्युतप्रवाहाच्या मर्यादेमुळे, हे वेगवेगळे दाखवते. वीजमर्यादा म्हणजे प्रोसेसरला किती वॅट वापरू द्यायचे याची बायोसमधील कमाल. कोअर आय-नाइन १३९००के या प्रोसेसरचा मूळ आकडा १२५ वॅट आणि टर्बोचा, म्हणजे भाराखाली प्रोसेसर स्वतःहून गाठतो त्या वाढीव वेगाचा, २५३ वॅट असताना अनेक मदरबोर्ड ‘ऑटो’च्या नावाखाली ही कमाल जवळजवळ काढूनच टाकत. ‘ऑटो’ म्हणजे कंपनीने नेमून दिलेली मांडणी, हा समज त्यामुळे धोकादायक ठरतो. वीजमर्यादा आड येत असेल तर व्होल्टेज वाढवल्याने ती उलट लवकर गाठली जाते. स्वस्त बोर्डावर आणखी एक फसगत होते: प्रोसेसरला वीज पुरवणारा व्होल्टेज नियामक स्वतःच तापून वेग खाली ओढतो आणि प्रोसेसरचे तापमान मात्र निर्धोक दिसत राहते.

सर्वाधिक गोंधळ लोडलाइनविषयी आहे. भार वाढला की प्रोसेसरपाशी पोहोचणारे व्होल्टेज घसरते, आणि ही घसरण मुद्दाम ठेवलेली असते; तिचे प्रमाण ठरवते ती लोडलाइन. १.१ मिलिओहमच्या लोडलाइनवर २०० अँपिअर प्रवाह वाहिला तर ती ०.२२ व्होल्ट भरते. ‘लोडलाइन कॅलिब्रेशन’ अतिकडक ठेवून ती पुसून टाकली की भाराखालचा आकडा देखणा दिसतो, पण भार अचानक उतरताच व्होल्टेज क्षणभर उसळते, आणि ही उसळी सामान्य मोजणी प्रणालीच्या नजरेत बहुधा येतच नाही.

वाढीव व्होल्टेजची किंमत २०२४ साली साऱ्या जगाने पाहिली. इंटेलच्या याच तेराव्या-चौदाव्या पिढीतील प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतली नियंत्रक आज्ञावली, गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होती आणि मदरबोर्डांवरील सैल वीजमर्यादांचाही त्यात वाटा असल्याचे इंटेलने मान्य केले. ऑगस्टमधील दुरुस्तीने १.५५ व्होल्टच्या पुढची मागणी रोखली आणि हमी दोन वर्षांनी वाढवण्यात आली, तरी आधीच झिजलेले प्रोसेसर त्याने पूर्ववत झाले नाहीत. कर्जतच्या उन्हात वीजमर्यादा कंपनीच्या आकड्यावर बांधून व्होल्टेज थोडे थोडे उतरवत जाणे आणि प्रत्येक पायरीला तासभर भार देऊन पाहणे, हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो, कारण वाचलेली उष्णता टर्बोच्या वेगासाठी परत मिळते.

राहता राहिला भारनियमनाचा प्रश्न. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. अडीचशे वॅटचा प्रोसेसर आणि दोनशे वॅटचे ग्राफिक्स कार्ड पूर्ण भारावर असताना वीज गेली, तर तो जागीच मान टाकतो. अशा वेळी संगणक बंद पडण्याचे खापर बायोसमधील जुळवणीवर फोडून तिथले आकडे बदलत बसण्याआधी यूपीएसच्या पाठीमागची वॅटची नोंद वाचावी.