छर्ऱ्यांची निवड आणि स्पर्धेतील न्याय



पिस्तूल नेमबाजीच्या स्पर्धेपूर्वी छर्रे निवडून घेणे हा सधनांचा अनुचित लाभ असून त्यास मज्जाव करावा, हे साताऱ्याच्या पत्रलेखकांचे प्रतिपादन मला सर्वथा अमान्य आहे. ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा डबीतून काढून त्याची कड दबलेली नाही ना, हे भिंगाखाली पाहण्यास द्रव्य नव्हे, चिकाटी लागते. आणि ती सांगलीच्या सामान्य घरातील मुलीपाशीही असते. न्यायाची हमी अन्यत्र आहे. २५ मीटर प्रकारात नळी उभी धरून, चापाला अडकवलेले १००० ग्रॅमचे वजन तो पेलतो की नाही, ही तपासणी लहानथोर सर्वांनाच लागू असते.

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले ते ३४-३४ अशा बरोबरीनंतर, शूट-ऑफमध्ये. इतक्या अल्प अंतरावर निकाल ठरत असता दारूगोळ्याविषयीची दक्षता हा दोष कसा मानावा?

मात्र जिवंत काडतुसे परवान्यावाचून मिळत नाहीत, आणि उत्तम प्रतीची बहुतेक परदेशातून येतात, त्यामुळे आमची मुले सरावातही गोळ्या मोजून झाडतात. ही तक्रार रास्त आहे. तिच्यासाठी सरकारदरबारी अर्ज करावयाचा झाल्यास पत्रलेखकांच्या सहीखाली माझी सही अवश्य घ्यावी.

— एक वाचक, सांगली