भार राज्यांवर, अधिकार दिल्लीत

१९७२ च्या दुष्काळात, हजारो कुटुंबे खडी फोडण्याच्या कामावर पोट भरीत असताना, वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकारास आलेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचे थोरपण केवळ ‘मागेल त्याला काम’ या वचनात नव्हते. वचनपूर्तीचा पैसा कोठून आणावयाचा याचीही तजवीज राज्याने केली, हे तिचे खरे वैशिष्ट्य होय. १९७५ साली व्यवसाय कर बसला, आणि अशा करांच्या वसुलीइतकीच रक्कम शासनाने स्वतःच्या तिजोरीतून घालावी असे ठरले. शहरातील पगारदाराने खेड्यातील भूमिहीनाच्या मजुरीचा भार उचलावा, ही केवढी उदात्त व्यवस्था! दायित्व, द्रव्य आणि निर्णयाधिकार ही तिन्ही तेथे एकाच हाती होती.

२००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने अकुशल मजुरीचा संपूर्ण खर्च केंद्राने स्वीकारला. २०२५ च्या अखेरीस संसदेने संमत केलेल्या नव्या कायद्याने कामाचे दिवस शंभरावरून १२५ केले खरे. परंतु बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के हिस्सा टाकला, राज्यागणिक तरतूद ठरविण्याचा अधिकार मात्र केंद्राकडेच ठेवला, आणि त्या तरतुदीपलीकडचा खर्च राज्यांच्या माथी मारला.

राज्यांनी भार उचलू नये असे माझे म्हणणे नाही. बंधारा कोठे हवा हे दिल्लीपेक्षा ग्रामसभेस अधिक कळते, म्हणून निर्णयाबरोबर खर्चाचा काही भारही राज्यांनी घेणे रास्तच. पण ज्याच्यावर खर्च सोपवावयाचा त्याचे हात बांधून कसे चालेल? २०१७ साली वस्तू व सेवा कर येताच राज्यांचा विक्रीकरावरील बहुतांश अधिकार गेला, मुंबई महापालिकेची जकात गेली; केंद्राच्या उपकर-अधिभारांतून राज्यांना वाटा नाही; आणि ज्या व्यवसाय कराने महाराष्ट्राची रोजगार हमी योजना पोसली, त्याची घटनेतील वार्षिक मर्यादा १९८८ पासून २,५०० रुपयांवरच थांबली आहे. महाराष्ट्र कदाचित निभावून नेईल. परंतु जेथे कामाची निकड मोठी आणि महसूल तुटपुंजा, त्या बिहारलाही तोच ४० टक्के हिस्सा लावणे हा उघड अन्याय आहे, कारण पैशाअभावी तेथे काम मागणाराच रिकाम्या हाती परतेल.

म्हणून महाराष्ट्राच्या खासदारांनी, पक्षभेद बाजूस सारून, व्यवसाय कराची मर्यादा वाढविण्याची आणि उपकर-अधिभार राज्यांशी वाटून घेण्याची मागणी संसदेत करावी. आणि ती मान्य होईपर्यंत मजुरीचा पूर्ण भार केंद्रानेच वाहावा.