तपासणीचं टेबल आणि गावाचा विश्वास

बोगस बियाणं, भेसळीचं खत, बनावट कीटकनाशक हे विषय या पानाच्या वाचकांना नवे नाहीत. दुकानातून पावती घेऊन आणलेला माल बोगस निघाला, तर निदान तक्रार करता येते. कृषी विभागाचा माणूस येतो, नमुना घेतो, पंचनामा होतो, प्रयोगशाळेचा अहवाल येतो. पण मान्यता नसलेलं तणनाशक-सहनशील कपाशीचं बियाणं चोरट्या वाटेनं ज्यानं घेतलं, त्यानं कुठं जायचं? पावती नाही, लॉट नंबर नाही आणि बोलायला जावं तर आपणच अडकू ही धास्ती. मग शेतकरी गप्प बसतो आणि नुकसान सोसतो.

हाच पेच पिकाऐवजी जिवावर आला तर काय होतं, हे कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात गेली दहा वर्षं दिसत आहे. तिथं प्रश्न आहे चोरट्या बाजारातल्या अमली पदार्थांचा. त्यावर त्या लोकांनी एक उपाय काढला. विकत घेतलेल्या मालात काय मिसळलंय ते नाव न विचारता तपासून द्यायचं. कुणी म्हणेल, हे काय भलतंच, आणि आपला त्याच्याशी संबंध काय? संबंध दोन ठिकाणी येतो. एक जनावरांच्या औषधात, दुसरा हातभट्टीच्या दारूत.

विष डोळ्यांना दिसत नाही

१४ एप्रिल २०१६ रोजी त्या प्रांतानं सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर केली. कारण होतं फेंटानिल. हे मूळचं भूल देताना आणि तीव्र वेदनांवर वापरायचं औषध, पण हेरॉईनच्या सुमारे पन्नासपट जहाल. बेकायदा बनवलेली त्याची पूड हेरॉईनमध्ये मिसळली जाऊ लागली आणि हळूहळू हेरॉईनच्या जागी तीच विकली जाऊ लागली. घेणाऱ्याला फरक कळत नाही. रंग, वास, चव, काहीच उपयोगाचं नाही. प्रांताची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतल्या आपल्या नाशिक जिल्ह्यापेक्षा कमी आहे. पण २०१६ पासून २०२४ अखेरपर्यंत तिथं अशा विषारी मालानं १६ हजारांवर माणसं गेली. एकट्या २०२३ सालात अडीच हजारांच्या वर.

भेसळ फेंटानिलवर थांबत नाही. मेंढ्या-शेळ्यांना जंतासाठी देतात ते लेव्हामिसोल आपल्या पशुपालकांना ठाऊक आहे. २००९ च्या सुमारास अमेरिकेत पकडलेल्या कोकेनपैकी निम्म्याहून जास्त मालात ते सापडलं. माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यानं एकदम घटू शकतात आणि साधा संसर्गही जिवावर बेततो. बैल-घोड्याला गुंगी देण्यासाठी पशुवैद्य वापरतात ते झायलाझिन फेंटानिलमध्ये मिसळलेलं आढळू लागलं, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकन सरकारनं त्या मिश्रणाला उभरता धोका म्हणून जाहीर केलं. पुढं मेडेटोमिडिन हे जनावरांच्याच गुंगीच्या गटातलं औषधही आलं. फेंटानिलनं श्वास थांबत आला तर नॅलोक्सोन नावाच्या औषधानं तो परत आणता येतो. पण झायलाझिन किंवा मेडेटोमिडिनच्या गुंगीवर नॅलोक्सोन चालत नाही. म्हणून मालात नेमकं काय आहे हे घेणाऱ्याला जसं कळायला हवं, तसं ते डॉक्टरलाही कळायला हवं.

यंत्र सोपं, मांडणी अवघड

व्हँकुव्हर बेटावरच्या व्हिक्टोरिया शहरात तिथल्या विद्यापीठानं हे काम हाती घेतलं. रसायनशास्त्राचे आणि समाजकार्याचे प्राध्यापक एकत्र आले. माणूस येतो, चिमूटभर पूड देतो. एक यंत्र त्या पुडीवर अवरक्त किरण सोडतं आणि कोणता पदार्थ आहे ते ओळखतं. पण एखादा घटक शंभरात पाच भागांपेक्षा कमी असला तर या यंत्राला तो बहुधा सापडत नाही, आणि फेंटानिल तर त्याहून थोडं असलं तरी मारतं. म्हणून जोडीला कागदाची पट्टी वापरतात. पूड पाण्यात विरघळवून पट्टी बुडवायची. एक रेघ उमटली तर फेंटानिल आहे, दोन उमटल्या तर आढळलं नाही. आणखी बारकाईच्या तपासणीसाठी मोठी यंत्रं आहेत.

मातीचा नमुना आपण एका जागेवरून घेत नाही. नागमोडी फिरून पाच-दहा ठिकाणची माती गोळा करतो, मिसळतो, चार भाग करून अर्धा किलो ठेवतो. तिथं मात्र एका पुडीतली एक चिमूट एवढाच नमुना. पुडीच्या एका कोपऱ्यात फेंटानिल जास्त आणि दुसऱ्यात कमी असू शकतं. त्यामुळं टेबलामागचा माणूस "हे सुरक्षित आहे" असं कधीच म्हणत नाही. "यात अमुक सापडलं, तमुक सापडलं नाही, आणि न सापडणं म्हणजे नसणं नव्हे," एवढंच तो सांगतो. घ्यायचं, कमी घ्यायचं की टाकून द्यायचं, हे समोरचा ठरवतो. एकट्यानं घेऊ नका, नॅलोक्सोन जवळ ठेवा, हेही त्याला सांगितलं जातं.

यंत्र विकत मिळतं, खरा कस मांडणीत लागतो. एका शहरातलं टेबल आसपासच्या खेड्यांना पुरत नाही. म्हणून बेटावरच्या इतर गावांतही नमुने घेण्याची सोय झाली आणि वाचन मध्यवर्ती तज्ज्ञांकडून होऊ लागलं. फिरत्या पथकानं कोणत्या दिवशी कुठं थांबायचं, नमुना कायद्यात बसवून कसा हाताळायचा, निकाल साध्या भाषेत कसा लिहायचा, घातक माल सापडला तर इशारा त्याच दिवशी कुणाकडून कुणापर्यंत जाणार, हे सगळं आधी बांधावं लागतं. कॅनडात त्यासाठी केंद्र सरकारच्या अमली पदार्थ कायद्यातून खास सूट लागते. टेबलावर बसणाऱ्यांत स्वतः व्यसनातून गेलेली माणसंही असतात. कोणता माल कोणत्या नावानं विकला जातो आणि कोण कुणाला घाबरतो, हे त्यांच्याइतकं प्राध्यापकाला कळत नाही. हेच नमुने महिनोन्‌महिने जमले की बाजार कसा बदलतोय याचं चित्र उभं राहतं. सेवा आणि संशोधन अशी दोन्ही कामं एकाच टेबलावर होतात. पण लोक आले तरच. आणि लोक येतात ते विश्वासावर.

आक्षेप काय, उत्तर काय

"यानं व्यसनाला उत्तेजन मिळतं," हा आक्षेप तिथंही आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्यांच्या घरातलं पोर गेलं त्यांच्या तोंडून तो आला तर ऐकूनच घ्यावा लागतो. पण २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आठवावं. त्यानंतर मास्क लावा, हातमोजे घाला, वाऱ्याच्या दिशेनं फवारा, औषधांची मनमानी मिश्रणं करू नका, असं गावोगाव सांगितलं गेलं. त्याला कुणी विषाचा प्रचार म्हटलं नाही. फवारणी उद्या बंद होणार नाही, तोवर माणूस तरी वाचावा, हाच त्यामागचा विचार होता. नुकसान कमी करणं म्हणतात ते हेच.

नेदरलँड्समध्ये १९९२ पासून अशी तपासणी चालते. न्यूझीलंडनं डिसेंबर २०२० मध्ये ती तात्पुरती आणि २०२१ मध्ये कायमची कायदेशीर केली. तरी ही जादूची कांडी नव्हे. घरी एकटा बसून घेणारा टेबलापर्यंत येतच नाही आणि मरणाऱ्यांत असेच पुष्कळ असतात. ब्रिटिश कोलंबियात २०२४ मध्ये मृत्यू घटून २,२५३ वर आले, पण त्याचं श्रेय एकट्या तपासणीला देता येणार नाही. उपचाराची खाट, डॉक्टर आणि नंतरचा आधार नसेल तर नुसती तपासणी अर्ध्या वाटेवर सोडते.

आपल्या गावात

आपल्याकडं १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा कडक आहे. तपासायला म्हणून असा माल जवळ बाळगणंही गुन्ह्यात मोडू शकतं. तेव्हा कुणी उत्साहाच्या भरात असलं काही सुरू करू नये. पण धडा घ्यायला कायदा आड येत नाही, आणि तो धडा हातभट्टीला तंतोतंत लागू पडतो.

२००४ साली विक्रोळी, २०१५ साली मालवणी, जून २०२४ मध्ये तमिळनाडूतलं कल्लकुरिची. मालवणीत शंभरावर आणि कल्लकुरिचीत साठच्या वर माणसं गेली. मारणारं होतं मिथेनॉल. ते दिसायला, प्यायला दारूसारखंच. सुरुवातीला नेहमीसारखी नशा वाटते. बारा ते चोवीस तासांनी पोटात कळा, उलट्या, धाप आणि डोळ्यांपुढं धुकं येतं. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल बनतं आणि ते आधी डोळ्यांवर घाला घालतं. वेळेत रुग्णालय गाठलं तर उतारा आहे, डायलिसिस आहे. उशीर होतो तो घाबरल्यामुळं. "पोलीस केस होईल," "गावात नाव जाईल" म्हणून घरचे लिंबू-ताक पाजत बसतात, आणि मोलाचे तास तिथंच जातात.

म्हणून सरपंच, पोलीस पाटील, आशाताई यांनी आधीच एकत्र बसून चार गोष्टी ठरवाव्यात. दारू पिऊन कुणाला अंधुक दिसू लागलं तर तडक १०८ ला फोन, घरगुती उतारा नाही. त्याच भट्टीची प्यायलेल्या बाकीच्यांना, बरं वाटत असलं तरी, त्याच तासाला शोधून दवाखान्यात न्यायचं. उरलेली बाटली वा पिशवी फेकायची नाही, ती डॉक्टरांच्या स्वाधीन करायची. आणि रुग्ण आणणाऱ्याला दारात उलटतपासणी नाही. भट्टीवाल्यावर कारवाई व्हावीच, पण तडफडणाऱ्याचा जीव आधी. पशुपालकांनीही गुंगीची औषधं पशुवैद्याच्या हातीच ठेवावीत, गोठ्यात साठा करू नये. व्यसन सोडायची इच्छा असलेल्यांसाठी केंद्र सरकारचा १४४४६ हा मोफत फोन क्रमांक आहे. तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायला खडूचा एक तुकडा पुरतो.

कॅनडातलं यंत्र आपल्या गावी येणार नाही. पण मदत मागायला आलेल्या माणसाला आधी मदत आणि चौकशी मागाहून, एवढं ठरवायला यंत्र लागत नाही. ग्रामसभेत हा विषय एखादी दुर्घटना होण्याआधी घ्यावा.