लकवा मारला की आधी शुगर तपासा. ग्लुकोजचे पाणी अन् सलाईन नंतर

नागपूर : तोंड वाकडे झाले, हात उचलत नाही, जीभ अडखळते. गावात अशा माणसाला पहिली मदत काय मिळते? कुणी ग्लुकोजची पावडर पाण्यात कालवून पाजतो, कुणी सलाईन लावायला धावतो. हेतू चांगला असतो, पण गिळता येत नसेल तर पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. ग्लुकोजच्या सलाईनने रक्तातली साखर चढते, आणि लकव्यात ती बऱ्याचदा आधीच चढलेली असते.

मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की शरीरावर ताण येतो आणि यकृत जादा साखर रक्तात सोडते. त्यामुळे मधुमेह नसलेल्याचीही शुगर २०० च्या घरात दिसू शकते. रक्त कमी पडलेल्या भागात या साखरेने आम्ल वाढते आणि ज्या पेशी वाचू शकल्या असत्या त्याही जातात.

मग इन्सुलिन देऊन शुगर झपाट्याने खाली आणायची का? अमेरिकेत ११५१ रुग्णांवर झालेल्या 'शाईन' अभ्यासाचे निकाल २०१९ मध्ये आले. एका गटाची शुगर ८० ते १३० मध्ये आवळून ठेवली, दुसऱ्याची १८० च्या आत. तीन महिन्यांनी चांगले सुधारलेले रुग्ण पहिल्या गटात २०.५ टक्के, दुसऱ्यात २१.६ टक्के, म्हणजे फरक नाहीच. उलट आवळलेल्या गटात २.६ टक्के रुग्णांची साखर धोकादायक खाली गेली. म्हणून आता दवाखान्यात साधारण १४० ते १८० हे लक्ष्य धरतात. १७० चा आकडा पाहून नातेवाइकांनी डॉक्टरांशी भांडायचे कारण नाही.

दुसरी बाजूही आहे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीच वावरात गेलेल्या माणसाची साखर ६० च्या खाली गेली, तर लक्षणे हुबेहूब लकव्यासारखी दिसू शकतात. साखर दिली की तो सावरतो. पण बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर ती शिरेतूनच द्यावी लागते. दोन्हींतला फरक बोटातल्या रक्ताच्या एका थेंबात कळतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी शुगर पाहणे टाळता येत नाही.

हा वेळ आपल्या जिल्ह्यात रस्त्यावरच जातो. मेडिकल, मेयो, एम्स ही मोठी सरकारी रुग्णालये नागपुरात. नरखेडहून शहर ऐंशीहून अधिक किलोमीटर. भिवापूर, कुही, रामटेकच्या रुग्णांनाही लांबचा पल्ला. तिशीपुढच्या लोकांची शुगर तपासायचा कार्यक्रम उपकेंद्रांपर्यंत आलेला आहे. तेच यंत्र लकव्याच्या रुग्णासाठी रात्री-बेरात्री आणि सुटीच्या दिवशीही हाताशी असले पाहिजे. रेफरच्या चिठ्ठीवर शुगरचा आकडा, तपासणीची वेळ आणि लक्षणे सुरू झाल्याची वेळ एवढे लिहिले तरी पुढच्या डॉक्टरचे काम सोपे होते. मात्र तपासणीसाठी गाडी थांबवून ठेवू नये. १०८ ला फोन आधी, शुगर तोवर.

भरती झाल्यावर खरी मदार परिचारिकांवर. ऑस्ट्रेलियात १९ लकवा विभागांत झालेला अभ्यास २०११ मध्ये आला. पहिले तीन दिवस ताप, शुगर आणि गिळणे या तीन गोष्टी परिचारिकांनी ठरवून सांभाळल्या. तीन महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व ४२ टक्के, नेहमीच्या पद्धतीत ५८ टक्के. त्यासाठी नवे औषध लागले नाही की महागडे यंत्र. ही शिस्त आपल्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत आणायला काय अडचण आहे, हे आरोग्य विभागाने सांगावे.

सुटी होताना घरच्यांनी एक गोष्ट विचारून घ्यावी: तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी झाली का? वाढलेली शुगर त्या दिवसाच्या ताणाची होती की मधुमेह आधीपासून दबा धरून होता, हे त्यातून कळायला मदत होते. मधुमेह निघाला तर गोळी, पथ्य आणि बीपी नेमाने सांभाळावे लागेल, कारण दुसरा झटका टाळायचा तो घरूनच.