‘हा तसबीर’ की ‘ही तसबीर’?

तालमीपेक्षा तालमीनंतरचा चहा जास्त रंगतो, हे हौशी नटमंडळींना वेगळं सांगायला नको. यंदा आमच्या मंडळींनी ‘संगीत संशयकल्लोळ’ बसवायला घेतलं, आणि पहिल्याच दिवशी चहाबरोबर चर्चा सुरू झाली: हे नाटक नेमकं कुणाचं?

आमचे अश्विनशेट म्हणाले, नायक मी, पदं मला, तेव्हा नाटक माझं. कॉलेजात शिकणारी आमची रेवती म्हणाली, “काका, बालगंधर्व रेवती करायचे, अश्विनशेट नव्हे.” भादव्याचं काम करणारा पोरगा फरसाणाची बशी पुढे ओढत म्हणाला, “नोकर नसला तर मालकाच्या घरात काय चाललंय ते प्रेक्षकांना कळणार कसं?” मी फाल्गुनराव. मी काही बोललो नाही, कारण नाटक माझंच आहे याबद्दल मला शंकाच नव्हती! गणपतराव बोडसांनी गाजवलेली ही भूमिका. त्यांच्या आत्मचरित्राचं नावसुद्धा ‘माझी भूमिका’. आता फाल्गुनरावाने आणखी काय बोलायचं?

या नाटकावर बेळगावकरांचा थोडा हक्क आहे. गोविंद बल्लाळ देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे खरे, पण त्यांचं शालेय शिक्षण इथं झालं आणि पुढे ते इथंच शिक्षकही झाले. ज्या किर्लोस्कर मंडळीत ते वावरले, तिचे अण्णासाहेब तर आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. ‘संशयकल्लोळ’ची गोष्ट मात्र लांबून आलेली. फ्रान्समध्ये मोलिएरने 1660 मध्ये ती रंगभूमीवर आणली, 1761 मध्ये आर्थर मर्फीने तिचं इंग्रजी नाटक केलं आणि देवलांनी 1893 मध्ये त्यावरून ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिलं. त्याचंच पुढे संगीत नाटक झालं. 1916 मध्ये गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणलं. त्याच वर्षी देवल गेले. पॅरिसची गोष्ट लंडनमार्गे आपल्याकडे आली, आणि तिच्यातल्या पात्रांना देवलांनी महिन्यांची आणि नक्षत्रांची नावं देऊन अस्सल घरगुती करून टाकलं. भाषा बदलून माणसं परकी होत नाहीत, याचा याहून चांगला दाखला कोणता?

तरीही आमची गाडी अडली ती भाषेवरच.

आमची कृत्तिका म्हणजे गल्लीतल्या एक वहिनी. माहेर धारवाडकडचं, घरची भाषा कन्नड. लग्न होऊन इथं आल्या त्याला वीस वर्षं झाली. मराठी सरसर वाचतात, बोलतातही. पण कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना आपल्यासारखं पुल्लिंग-स्त्रीलिंग नसतं. टेबल, खुर्ची, घर सगळी एकाच माळेत. त्यामुळे वहिनींच्या बोलण्यात ‘तो’ आणि ‘ती’ यांची अधूनमधून अदलाबदल होते. शिवाय ‘चमचा’मधला ‘च’ आणि ‘माझा’मधला ‘झ’ त्या आपल्यासारखा दातांशी नेत नाहीत.

पहिल्या वाचनाला तसबिरीचा प्रवेश आला. कृत्तिकेने नवऱ्याला रस्त्यात एका परक्या तरुणीला सावरताना पाहिलेलं असतं. मनात आग पेटलेली. त्यात तिच्या हाती कुणा देखण्या पुरुषाची तसबीर पडते, ती न्याहाळत असताना फाल्गुनराव तिला बघतो आणि इकडेही आग लागते. वहिनी मन लावून वाचत होत्या आणि ‘ही तसबीर’च्या ऐवजी ‘हा तसबीर’ म्हणून गेल्या.

सगळे हसले. मीही हसलो.

भादव्या तर उठूनच उभा राहिला. “हे असंच ठेवूया की! वहिनींना अजून दोन-चार कानडी वाक्यं घालून द्या. टाळ्या नक्की!” अश्विनशेटनी मान डोलावली. वहिनीही थोडं हसल्या, वही मिटली आणि म्हणाल्या, “पोरगं शाळेतून येईल, निघते.” दुसऱ्या दिवशी त्या तालमीला आल्या नाहीत.

त्या रात्री मला झोप लागली नाही, त्याचं कारण जुनं आहे. 1979 च्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाने एक प्रहसन केलं होतं. त्यात मी कानडी सावकार होतो. ‘भाजी शिजला’, ‘चहा झाली’ अशी वाक्यं टाकून मी मंडप डोक्यावर घ्यायला लावला. ती वाक्यं मी कुठून आणली होती? घरातून. माझी आई गोकाककडची. ‘भाजी शिजला’ हे तिचं रोजचं वाक्य. ती पहिल्या रांगेत बसली होती. घरी आल्यावर तिने मला गरम भाकरी वाढली आणि “चलो आत” एवढंच म्हणाली. छान झालं. मी खूश.

पुढे पाहुणे आले की आई आत्याला पुढे करू लागली. हळदीकुंकवालाही ती बायकांत बसायची, पण बोलायची कमी. तेव्हा मला वाटायचं, वय झालं. तो नाटकाचा परिणाम होता की नव्हता, देव जाणे. आईला विचारायचं राहून गेलं.

तिसऱ्या दिवशी मी वहिनींच्या घरी गेलो. त्यांनी चहा ठेवला आणि सरळ मुद्द्यावर आल्या. “काका, मला एवढंच सांगा. लोक कृत्तिकेला हसणार की मला?”

मी म्हटलं, “विनोदी नाटक आहे वहिनी, हसणारच.”

“हसू देत की. पण कृत्तिकेला त्या वेळी रडू येत असतं. तिला आपला संसार बुडाला असं वाटतंय आणि प्रत्यक्षात काहीच झालेलं नाही, म्हणून लोकांनी हसायचं. ते माझ्या ‘हा’ला हसले, तर कृत्तिका गेली कुठं? आणि तुम्ही बाजारात कन्नड बोलता, तेव्हा मी हसते का? परवा तुम्ही बँकेत ‘साहेब बंतु’ म्हणालात. बंतु म्हणजे जनावर आलं, वस्तू आली. माणूस आला तर ‘बंद्रु’ म्हणायचं. त्या साहेबांनी ऐकून घेतलं ना?”

खरं सांगतो, वाचकहो, फाल्गुनराव गार पडला. चाळीस वर्षं मी या गावातल्या साहेबांना जनावर करत आलो होतो आणि कुणी मला स्टेजवर चढवून टाळ्या घेतल्या नव्हत्या.

संध्याकाळी वहिनी तालमीला आल्या. दिग्दर्शक मास्तरांनी चहाच्या आधीच चर्चा घेतली. मी आईची गोष्ट सांगितली. भादव्याने खाली मान घातली. पोरगा वाईट नाही, टाळीची भूक कुणाला नसते? अश्विनशेट मात्र म्हणाले, “पण लोकांना तेच आवडतं, त्याचं काय?” त्यावर मास्तर म्हणाले, “लोक घसरून पडणाऱ्यालाही हसतात. म्हणून आपण स्टेजवर केळीची सालं टाकायची का?”

मग भूमिकांवर खरं बोलणं झालं. मास्तरांचं म्हणणं असं, की या नाटकात विनोदी माणूस एकही नाही. फाल्गुनराव मनापासून जळतो, कृत्तिका मनापासून रडते, अश्विनशेट मनापासून फसतो. नटाने आपण विनोद करतोय असं दाखवलं, की नाटक मेलं. माझ्या फाल्गुनरावाच्या मिश्कील नजरा मास्तरांनी त्याच दिवशी काढून टाकल्या. हक्काच्या चार हशांना मी मुकलो!

तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, “आमच्यात संशयाला ‘अनुमान’पण म्हणतात.” सगळे थबकले. मराठीत अनुमान म्हणजे तर्क, अंदाज. कन्नडमध्ये तोच शब्द शंकेसाठी. रेवती म्हणाली, “मग नाटक याच एका शब्दात आलं की!” खरंच आहे. फाल्गुनराव काय करतो? तसबीर दिसली, अनुमान काढलं. बायको हसली, अनुमान काढलं. त्याचं मराठी अनुमान बघता बघता कन्नड अनुमान होतं. इतकी वर्षं मी हे नाटक बघत आलो, पण माझ्या भूमिकेची किल्ली मला धारवाडच्या माहेरवाशिणीने दिली.

शेवटी ठरवलंही वहिनींनीच. “तो-ती चुकलं तर सांगा, मी सुधारते. ते पाठांतराचं काम आहे. ‘च’ आणि ‘झ’ मात्र माझे राहू देत. कृत्तिका कुठल्या माहेरची, ते देवलांनी कुठं लिहिलंय?”

प्रयोग झाला. थिएटर बऱ्यापैकी भरलं होतं. तसबिरीच्या प्रवेशात वहिनी ‘ही तसबीर’ अगदी बरोबर म्हणाल्या, पण त्यांच्या ‘माझा’ला मागच्या रांगेत कुणीतरी खिदळलंच. वहिनी थांबल्या. त्या दिशेला बघितलंही नाही. हसू विरेपर्यंत तसबीर हातात धरून उभ्या राहिल्या आणि मग पुढचं वाक्य इतकं हळू बोलल्या, की पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. मी दाराआडून डोकावलो, माझा जळका चेहरा लोकांना दिसला आणि थिएटर हसलं. ते हसू आम्हा दोघांचं होतं.

पडदा पडल्यावर कुंद्याचा डबा उघडला. वहिनी मेकअप पुसून आत आल्या, तसा भादव्या ऐटीत ओरडला, “वहिनी बंतु!”

“बंद्रु!” आम्ही सगळे एकदम ओरडलो.

त्या पोराचा चेहरा बघून सगळ्यांत आधी हसल्या त्या वहिनी. हसता हसता म्हणाल्या, “उद्यापासून शिकवते. पण फी घेणार हं!”

भादव्याची शिकवणी सुरू आहे. मीही जाऊन बसतो.