खड्ड्यांचा अदृश्य कर

पावसाळा आला की चाकदुरुस्तीच्या दुकानांपुढे वाकलेल्या रिमांची रास लागते. पोलादी रिम ठोकून सरळ करता येते. मिश्रधातूची रिम मात्र तडकू शकते, आणि तडा सांधून ती पुन्हा रस्त्यावर आणणे म्हणजे जिवाशी खेळ. हा खर्च मोटारमालक निमूटपणे सोसतो. वस्तुतः तो एक करच होय. मात्र त्याला ना अंदाजपत्रकात स्थान, ना सभागृहाची संमती.

दुरुस्तीमुळे कारागिरास काम मिळते, हे समाधानही फसवे. खिडकीची काच फुटल्याने समाजाची संपत्ती वाढत नाही, हे फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ बास्तिआ याने १८५० मध्येच दाखवून दिले. वाकलेल्या चाकाचे गणित निराळे नाही.

खड्ड्यामुळे मृत्यू ओढवल्यास ६ लाख, तर जखमींस ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ठरवून दिली आणि ती रक्कम दोषी अधिकारी व ठेकेदारांकडून वसूल करण्यास सांगितले. खड्ड्याची किंमत तो राहू देणाऱ्याने मोजावी, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. परंतु त्यासाठी माणूस पडण्याची वाट का पाहावी? आज चाक वाकवणारा खड्डाच उद्या दुचाकीस्वाराचा जीव घेतो. चाकाच्या नुकसानीचाही हिशेब ठेकेदाराच्या देयकातून चुकता होऊ लागला, तर रस्ते आपोआप टिकू लागतील.