पोलादनगरीच्या परिसरातले तीन सिनेमे

भिलाई म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो पोलादाचा कारखाना. 1959 साली इथली पहिली झोतभट्टी पेटली आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं नोकरीला आली. त्यात मराठी घरंही होती. सिनेमाच्या बाबतीत मात्र भिलाई म्हणजे अनुराग बसूचं जन्मगाव, एवढंच बहुतेकांना ठाऊक. या परिसराशी नातं सांगणारे, कमी गाजावाजा झालेले हे तीन सिनेमे पाहिले तर ती समजूत बदलेल.

न्यूटन (2017)

अमित मसुरकर या मराठी दिग्दर्शकाने हा चित्रपट दल्ली राजहऱ्याला चित्रित केला. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरवणारं हेच ते गाव. जंगलातल्या मतदान केंद्रावर फक्त 76 मतदार आणि नियमाला चिकटून बसलेला एक तरुण कारकून. राजकुमार राव आणि पंकज त्रिपाठी यांची जुगलबंदी झकास. पण लक्षात राहते ती आपली अंजली पाटील. तिची मलको आवाज न चढवता साऱ्या साहेबांना जमिनीवर आणते. एकच खटकतं. ज्यांच्या मतासाठी एवढा खटाटोप, ते गावकरी फारसे बोलतच नाहीत. तरीही आवर्जून पाहावा.

भूलन द मेझ

आपल्याकडे रानात 'चकवा' लागतो, तसा छत्तीसगडमध्ये 'भूलन कांदा'. या वनस्पतीवर पाय पडला की माणूस वाट विसरतो. दुसऱ्या कुणी स्पर्श केला, तरच भानावर येतो. संजीव बक्षी यांच्या कादंबरीवरून मनोज वर्मा यांनी हा चित्रपट केला. हातून नकळत झालेल्या मृत्यूचा आळ दुसराच एक एकटा जीव स्वतःवर घेतो, कारण खऱ्या माणसामागे बायकामुलं आहेत. मग वाट कोण चुकलं, गाव की कायदा? मध्यवर्ती भूमिकेत आहे 'पीपली लाइव्ह'चा नत्था, म्हणजे भिलाईचाच ओंकारदास माणिकपुरी. मधला भाग जरा रेंगाळतो, पण शेवटी गळा दाटून येतो. 2019 सालचा सर्वोत्कृष्ट छत्तीसगडी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार याला मिळाला. चित्रपटगृहाचं तोंड मात्र त्याने पाहिलं ते मे 2022 मध्ये!

गाँव के नाँव थियेटर, मोर नाँव हबीब

हबीब तन्वीर यांच्या 'गाँव के नाँव ससुरार, मोर नाँव दामाद' या नाटकाच्या नावाला कोपरखळी मारणारं शीर्षक. संजय महर्षी आणि सुधन्वा देशपांडे यांचा हा माहितीपट जुना असला, तरी वरचे दोन पाहिल्यावर हमखास पाहावा. कारण ओंकारदास घडला तो तन्वीरांच्या 'नया थिएटर'मध्येच. खेड्यातल्या नाचा कलावंतांना त्यांच्याच बोलीत बोलू द्यायचं, हा तन्वीरांचा हट्ट. त्याच बोलीतल्या 'चरणदास चोर'ने 1982 मध्ये एडिंबरा गाजवलं. भाषा कळणार नाही म्हणून बिचकू नये. वऱ्हाडी कानांना तर ती शेजारचीच वाटेल.

जाता जाता

इथे कॅमेरा हाती धरणं सोपं नाही. भिलाईचेच माहितीपटकार अजय टी. जी. यांना मे 2008 मध्ये नक्षलवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून विशेष जनसुरक्षा कायद्याखाली अटक झाली. मुदतीत आरोपपत्र दाखल झालं नाही आणि ऑगस्टमध्ये ते जामिनावर सुटले. तोवर तीन महिने तुरुंगात गेले होते.

बाहेरून आलेला दिग्दर्शक चित्रीकरण संपवून मुंबईला परततो. गावातल्या माणसाला तिथेच राहायचं असतं. म्हणूनच गावाने स्वतः सांगितलेली गोष्ट थोडी ओबडधोबड असली तरी तिला प्रेक्षक मिळायला हवेत. या रविवारी घरच्या साऱ्यांनी मिळून सुरुवात 'भूलन'पासून करावी.